काळ्या मातीतले शेतकुंपण (खानदेश)

खानदेशातील भारी काळ्या जमिनीत शेताच्या हद्दीवर उभारले जाणारे काट्यांचे, तारेचे किंवा जाळीचे कुंपण. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, विशेषतः तापी-पूर्णेकाठच्या खोल मातीत, नवे कुंपण पहिल्यांदा कलते ते बहुधा रानडुकराच्या धडकेने नव्हे, खालच्या जमिनीच्या हालचालीने. तारेच्या भावाची चौकशी सगळे करतात, खड्ड्याची फारसे कोणी करत नाही; आणि टिकाऊपणाचा प्रश्न खरा तिथेच असतो.

दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज भरपूर असते. ते पाण्याने फुगते आणि वाळले की आकसते. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्या चार महिन्यांत वावर चिखलाने भरते, बुटाला दोन-दोन किलोचा लगदा चिकटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा त्याच वावराला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. खांब भेगेच्या वाटेत आला की एका बाजूने मोकळा होतो. मृगाचे पाणी त्याच भेगेतून थेट बुडाशी उतरते, माती लोण्यासारखी होते आणि तारेचा ताण खांबाला हळूहळू आत ओढतो. दोन-तीन पावसाळ्यांत सरळ रांग वाकडी दिसू लागते. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडच्या बरड जमिनीत ही अडचण कमी, कारण तिथे दीड-दोन फुटांवरच मुरूम लागतो. खणताना घाम निघतो. पण खांब बसला की बसला.

पहारीने घाईत खणलेला खड्डा तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता होतो. त्यात काँक्रीट ओतले की गाजराच्या आकाराचा गोळा तयार होतो, आणि फुगणारी माती त्याला खालून व बाजूंनी दाबत वर ढकलते. तोंडाशी पसरलेली काँक्रीटची टोपी तर उचलायला आयतीच पकड देते. खड्डा याच्या उलट हवा : तोंड अरुंद, भिंती सरळ, तळ किंचित फुगीर. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतील इमारतींसाठी बुडाशी कंद असलेले खोल पाये विकसित केले. त्यामागचा विचार हाच होता. कुंपणाला तेवढे खोल जावे लागत नाही, परंतु खांबासाठी प्रचलित दीड-दोन फुटांचा खड्डा भारी जमिनीत तोकडाच पडतो. मधल्या खांबांना अडीच फूट आणि कोपऱ्याच्या व फाटकाच्या खांबांना तीन-साडेतीन फूट खोली द्यावी. मधल्या खांबांभोवती काँक्रीटऐवजी मुरूम थराथराने भरून धुम्मसाने (ठोकणीने) ठोकला तरी चालते. मात्र मुरूम वरपर्यंत भरू नये. तसा भरलेला खड्डा म्हणजे पाणी साठवणारा हौदच. वरचे वीतभर तोंड मातीनेच दाबून बंद करावे आणि खांबापासून बाहेर उतार द्यावा.

सगळा ताण येतो कोपऱ्यावर. तिथे एकच खांब उभा करून त्याला तारा गुंडाळणे ही सर्वात जास्त आढळणारी चूक. कोपऱ्याला तारांच्या दोन्ही दिशांनी तिरपे टेकू लागतात. टेकूचे बूड नुसत्या मातीत न ठेवता दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवावे, नाहीतर पहिल्याच श्रावणात ते रुतते. लांब बाजूवर दर दहा-पंधरा खांबांनंतर एक टेकूचा खांब असावा. बांध जिथे वळतो तिथे तर तो हवाच. खानदेशातले बांध सरळ असतात असा समज फक्त नकाशा पाहणाऱ्याचा.

कामाचा हंगाम हाही मातीनेच ठरवलेला. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, नवे साल सुरू होते, वावर रिकामे असते, म्हणून बरेच जण कुंपण तेव्हा घालतात. जमीन त्या वेळी दगडासारखी कडक आणि भेगाळलेली असते. खड्ड्याची खोली आपोआप कमी भरते. वर भेगेत भरलेला मुरूम नंतर खाली सरकतो. पाऊस उघडल्यावर, ओल मध्यम असताना, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत खणणे सोपे जाते. अडचण अशी की तेव्हा कपाशी उभी असते. फरदड (वेचणीनंतर तीच झाडे राखून घेतलेले पुढचे पीक) न ठेवता डिसेंबरअखेर कपाशी उपटा, असे कृषी विभाग गुलाबी बोंडअळीसाठी सांगतो. जो ते ऐकतो त्याला कुंपणासाठी चांगला महिना मोकळा मिळतो.

तार उन्हाने लांबते. १०० मीटर पोलादी तारेत ३० अंशांच्या फरकाने साडेतीन सेंटिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. मेच्या दुपारी कडक ओढलेली तार जानेवारीच्या पहाटे कोपऱ्याचा खांब ओढते. जस्ताचा थर पातळ असेल तर गंज आधी कापलेल्या टोकाशी आणि गाठींशी दिसतो. काटेरी तारेसाठी भारतीय मानक आयएस २७८ आहे; बंडलावर तो क्रमांक पाहून घ्यावा. सिमेंटचा पोल घेताना तो घट्ट होण्यासाठी किती दिवस पाण्यावर राहिला हे विचारावे. कच्चा पोल ट्रॅक्टरमधून उतरवतानाच केसाएवढा तडकतो, त्या चिरेतून पाणी सळईपर्यंत जाते. लाकडाचा खांब लावायचा तर बाभळीचा गाभा घ्यावा, पांढरे लाकूड उधईला फार आवडते.

जुनी पद्धत बोरी-बाभळीच्या काट्यांची. ती स्वस्त, पण दरवर्षी नवी करावी लागते. शेर, निवडुंग, घायपात, सागरगोटा यांचे जिवंत कुंपण माती हलली तरी हलत नाही, कारण मुळे मातीसोबत सरकतात. ते दाट व्हायला मात्र काही वर्षे थांबावे लागते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बांधावर शेवरी लावतात. तिचा उपयोग मुख्यतः वारा अडवण्याचा.

डुक्कर खालून उकरते, रोही (नीलगाय) वरून उडी मारते. म्हणून खालची तार जमिनीपासून अर्ध्या फुटावर आणि एकूण उंची पाच फुटांहून अधिक ठेवतात. कुंपणाच्या तारेला जोडलेले सौरऊर्जेवरचे झटका यंत्र साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणिक झटका देते. त्याचे अर्थिंग काळ्या मातीत पावसाळ्यात उत्तम चालते. उन्हाळ्यात कोरड्या, भेगाळ मातीत ते दुबळे पडते. सळया खोल ठोकून तिथे पाणी ओतावे लागते. पावसाळ्यात उलट तारेला टेकलेले गवत झटका खाऊन टाकते. घरगुती वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसे मेली आहेत.

पहिला खड्डा घेण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा निश्चित कराव्यात. बांधावरून वहिवाट असेल तर तार लावून ती बंद करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. नाला ओलांडताना मात्र तारा ताणून बांधू नयेत. पुराबरोबर आलेला पाला-काड्या त्यात अडकून दोन्ही काठांचे खांब जातात. तिथे वरच्या तारेला लोंबती जाळी सोडावी. धुळ्याकडे काही शेतकरी खतासाठी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या वावरात बसवतात. अशा शेतात एका गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या जागेच्या) तारा कायमच्या न बांधता हुकाला अडकवलेल्या असतात. मेंढ्या आत आल्या की त्या पुन्हा लावतात.