मनोरुग्णांची कला (कला-उपचार)

मनोरुग्णांनी कला-उपचारकाच्या सोबतीने केलेली चित्रे, मातीकाम, कोलाज, भरतकाम असे सगळे या संज्ञेत येते. चित्रकलेत हात बसलेला असण्याची गरज नसते. जे बोलून दाखवता येत नाही त्याला रूप मिळावे, हा हेतू.

‘आर्ट थेरपी’ म्हणजे कला-उपचार हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये वापरात आणला, तोही क्षयरोग्यांबरोबरच्या अनुभवातून. पण मनोरुग्णालयांत त्याच्या कितीतरी आधीपासून, कोणी न सांगता, मिळेल त्या कागदा-कापडावर निर्मिती चालू होती. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टरांनी १९१९ ते १९२१ या काळात सुमारे ४५० रुग्णांच्या जवळजवळ ५,००० कलाकृती जमवल्या. त्यात आग्नेस रिश्टर या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे एक जाकीट आहे. रुग्णालयाच्या जाड्याभरड्या कापडातून ते तिने स्वतः शिवले आणि आतून-बाहेरून रंगीत दोऱ्याने अक्षरे भरली. ओळींवर ओळी चढल्यामुळे बराचसा मजकूर लागत नाही. ‘मी’, ‘माझे’ हे शब्द मात्र लागतात. अंगावरचे कपडेसुद्धा संस्थेचे असतात तिथे या दोन शब्दांचे मोल फार मोठे आहे.

या संग्रहातली काही चित्रे नाझींनी आधुनिक कलेला ‘विकृत’ ठरवण्यासाठी प्रदर्शनात मांडली. संग्रहातले एक श्रेष्ठ चित्रकार फ्रान्झ कार्ल ब्यूलर यांना तर १९४० मध्ये ग्राफेनेक या नाझींच्या रुग्णहत्या-केंद्रात ठार मारण्यात आले.

१९४६ मध्ये इंग्लंडमधील नेदर्न मनोरुग्णालयात चित्रकार एडवर्ड ॲडमसन यांनी आणि रिओ दी जानेरोत मनोविकारतज्ज्ञ नीझ दा सिल्वेरा यांनी चित्रशाळा चालवायला घेतल्या. उपचार म्हणून विजेचे झटके देण्यास नकार देणाऱ्या सिल्वेरा यांनी १९५२ मध्ये रुग्णांच्या कलेचे संग्रहालयच उभे केले. ॲडमसन चित्रांचा अर्थ लावत बसत नसत. हा संयम आजही शिकण्यासारखा आहे. काळा रंग म्हणजे नैराश्य, दार नसलेले घर म्हणजे एकटेपणा, अशी कोष्टके निरुपयोगीच. चित्रावरून निदान होत नाही. चित्रात काय आहे हे काढणाऱ्यालाच विचारावे, आणि त्याला सांगायचे नसेल तर तेही मानावे.

चित्र कोणाचे, हा प्रश्न पुष्कळ काळ कोणी विचारलाच नाही. प्रिन्झहॉर्न यांच्या १९२२ च्या ग्रंथात ब्यूलर ‘पोल’ या टोपणनावाने येतात. गोपनीयता जपायची तर नाव झाकावे लागते, आणि नाव झाकले की कलावंतही झाकला जातो. म्हणून प्रदर्शनापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी, नाव द्यायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे, आणि आजार भरात असताना दिलेला होकार तो सावरल्यावर पुन्हा विचारून घ्यावा.