मोलर वस्तुमान : संयुगाच्या सूत्रावरून काढण्याची रीत

एखाद्या पदार्थाच्या एका मोलचे वस्तुमान म्हणजे त्याचे मोलर वस्तुमान. ते ग्रॅम प्रति मोल या एककात सांगतात. जुन्या मराठी पुस्तकांत यालाच ‘ग्रॅम-रेणुभार’ असे नाव होते आणि जुन्या पिढीतले शिक्षक अजूनही तसेच म्हणतात. मोल हा डझनासारखाच मोजणीचा शब्द आहे, फक्त संख्या अफाट : ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. एवढे रेणू मोजत बसणे शक्य नाही. तराजूवर तेवढे वजन घेणे मात्र सहज शक्य आहे, आणि नेमके किती वजन घ्यायचे ते मोलर वस्तुमान सांगते.

रीत एका वाक्यात सांगता येते. सूत्रात ज्या मूलद्रव्याचे जितके अणू असतील, तितक्या पटीने त्याचा अणुभार घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. गणित प्राथमिक शाळेतले आहे. चुका होतात त्या सूत्र वाचताना, आणि बाटलीत प्रत्यक्ष कोणता पदार्थ आहे हे न पाहता बेरीज उरकली की.

मोरचूदाचे उदाहरण यासाठी फार चांगले. मोरचूद म्हणजे निळे कॉपर सल्फेट. त्याच्या सूत्रात तांब्याचा १ अणू, गंधकाचा १, ऑक्सिजनचे ४, मग एक टिंब आणि टिंबापुढे पाण्याचे ५ रेणू असतात. तांबे ६३.५४६, गंधक ३२.०६ आणि ऑक्सिजनचे ४ × १५.९९९ = ६३.९९६, इथवर १५९.६०२. पाण्याचा एक रेणू १८.०१५, पाचांचे ९०.०७५. एकूण २४९.६७७, म्हणजे सुमारे २४९.६८ ग्रॅम प्रति मोल. टिंब पाहून तिथे गुणाकार करणारे विद्यार्थी असतात, आणि टिंबापुढचे सोडूनच देणारे त्याहून अधिक. ते टिंब बेरजेचे आहे : स्फटिकात धरून ठेवलेले हे पाणी तराजूवर इतर अणूंसारखेच वजन भरते.

ते विसरल्यास काय होते पाहा. एक लिटर ०.१ मोलर (म्हणजे लिटरात ०.१ मोल असलेल्या) द्रावणासाठी २४.९७ ग्रॅम मोरचूद लागते. निर्जल कॉपर सल्फेटचा आकडा धरून निळ्या स्फटिकांचे १५.९६ ग्रॅम घेतले, तर द्रावण जेमतेम ०.०६४ मोलर होते. रंग निळाच राहतो, म्हणून नुसत्या डोळ्यांना शंकाही येत नाही. स्फटिकजलाचा हिशेब परीक्षानळीत पडताळताही येतो. २.५० ग्रॅम मोरचूद हलक्या आचेवर तापवले की ते पांढुरके होते आणि पाणी पूर्ण गेल्यावर सुमारे १.६० ग्रॅम उरते. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की निळाई परत येते. गेलेले वजन ३६ टक्के, आणि ९०.०७५ भागिले २४९.६७७ हेही तेवढेच.

हेच मोरचूद द्राक्षबागेत आणि सुपारीच्या वाडीत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाच्या रूपात फवारले जाते. फ्रान्समधल्या बोर्दो इथे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी १८८५ मध्ये ते प्रसिद्धीस आणले. एक टक्का मिश्रणाचा ठरलेला हिशेब : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. वजने सारखी असली तरी मोल सारखे नाहीत. १ किलो मोरचूद म्हणजे सुमारे ४ मोल. कळीच्या चुन्याचे मोलर वस्तुमान ५६.०८, म्हणून १ किलो चुना म्हणजे जवळजवळ १८ मोल. तांबे अविद्राव्य स्वरूपात आणायला त्याच्या दर मोलमागे जास्तीत जास्त एक मोल चुना लागतो, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध चुन्यात काम भागावे. बाकीचा चुना उरतो. बाजारातला चुना क्वचितच शुद्ध आणि ताजा असतो, आणि मोकळे तांबे द्रावणात राहिले तर पाने करपतात, म्हणून हा हात सैल सोडलेला आहे. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून त्यावर तांबूस थर येतो का ते पाहण्याची बागायतदारांची रीत याच मोकळ्या तांब्याच्या शोधासाठी आहे.

सूत्र वाचताना कंसही फसवतो. कंसाबाहेरचा लहान अंक आतल्या प्रत्येक अणूला लागू होतो. चुन्याच्या निवळीतल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजन २ आणि हायड्रोजनही २, बेरीज ७४.०९. तुरटीत सल्फेटचा कंस दोनदा आणि वर पाण्याचे १२ रेणू, म्हणून तिचा आकडा ४७४ च्या पुढे जातो. कोबाल्टच्या संज्ञेतले दुसरे अक्षर लहान असते. ते मोठे लिहिले की ५८.९३ ऐवजी २८.०१ येते, कारण तो आता कार्बन मोनॉक्साइड झाला. ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हणजे १६ की ३२ ग्रॅम, हा प्रश्नही वरवर दिसतो तितका पोरकट नाही : वायू असेल तर रेणू दोन अणूंचा, म्हणून ३२. मिठात तर स्वतंत्र रेणूच नसतो, सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांची जाळी असते. त्याच्या ५८.४४ या आकड्याला काटेकोरपणे सूत्रवस्तुमान म्हणायला हवे. आकडेमोड मात्र तीच.

आज आपण अणुभारांवरून रेणुभार काढतो. एकोणिसाव्या शतकात वाट नेमकी उलटी होती, आणि हा इतिहास पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपला जातो याची खंत वाटते. पाण्यात वजनाने हायड्रोजन १ भाग तर ऑक्सिजन ८ भाग. डाल्टनने पाण्याच्या रेणूत दोन्हींचा एकेक अणू धरला. तसे असेल तर ऑक्सिजन ८. हायड्रोजनचे दोन अणू धरले तर ऑक्सिजन १६. नुसत्या तराजूवर याचा निकाल लागत नाही. समान आकारमानाच्या वायूंत, तापमान आणि दाब सारखे असताना, रेणूंची संख्या समान असते, हे ॲव्होगॅड्रोने १८११ मध्येच मांडले होते, पण पन्नास वर्षे त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. गोंधळ इतका, की जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची प्रचारात असलेली १९ सूत्रे नोंदवली आहेत.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूअ इथे रसायनशास्त्रज्ञ यावर विचार करायला जमले. तिथे इटलीच्या कान्निझारोची १८५८ मधली पुस्तिका वाटली गेली. त्याची युक्ती साधी होती. बाष्पघनतेवरून आधी रेणुभार काढायचा, मग त्या रेणूत ऑक्सिजनचे वजन किती ते पाहायचे. पाण्यात १८ पैकी १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये २८ पैकी १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ४४ पैकी ३२; १६ पेक्षा कमी कुठेच सापडत नाही. म्हणजे ऑक्सिजनचा अणुभार १६. सभेला हजर असलेल्या मेंडेलीव्ह आणि लोथार मायर या दोघांनीही पुढे मूलद्रव्यांची आवर्ती मांडणी केली. ती या दुरुस्त अणुभारांवर उभी आहे.

पुढे मापदंड बदलत गेले. एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या भाराच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ ऑक्सिजनच्या एकाच समस्थानिकाला १६ म्हणत, रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक मिश्रणाला, आणि दोघांचे आकडे किंचित वेगळे पडत. १९६१ पर्यंत दोघांनी कार्बन-१२ हा समान पाया मान्य केला. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या ठरावीक संख्येवर बांधली गेली, त्यामुळे कार्बन-१२ चे मोलर वस्तुमान व्याख्येने नेमके १२ राहिलेले नाही. फरक इतका सूक्ष्म आहे की कोणत्याही प्रयोगशाळेच्या तराजूला तो कळणार नाही.

अणुभार अपूर्णांकात येतात ते समस्थानिकांमुळे. क्लोरीनमध्ये ३५ भाराचे अणू सुमारे तीन चतुर्थांश आणि बाकीचे ३७ भाराचे, म्हणून सरासरी ३५.४५. म्हणून क्लोरीन पूर्णांकात बसवू नये. तांब्याचे ६३.५४६ शाळेत ६३.५ घेतात ते चालते. बाकीचे अणुभार पूर्णांकात घेतले तर मोरचुदाचा आकडा तेव्हा २४९.५ येतो आणि चूक हजारात एकही नसते.

मोलर वस्तुमानाचा रोजचा उपयोग टक्केवारीसाठी. युरियाचा आकडा ६०.०६ आणि त्यात नायट्रोजन २८.०१, म्हणजे ४६.६ टक्के, पोत्यावरचे ४६ तिथून येतात. ४५ किलोच्या गोणीत वीस किलोंहून थोडे अधिक नायट्रोजन असते, बाकीचे वजन कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे.

जिथे सूत्रच माहीत नसते तिथे बेरीज उपयोगाची नाही, मोजावेच लागते : वायूंसाठी बाष्पघनता, द्रावणांसाठी गोठणबिंदूतली घट, आणि आता बहुतेक ठिकाणी वस्तुमान वर्णपटमापक (मास स्पेक्ट्रोमीटर). बहुवारिकांची (पॉलिमरांची) गोष्ट आणखी निराळी. कापसातल्या सेल्युलोजचा एक दुवा १६२.१४ भाराचा, पण प्रत्येक साखळीत दुव्यांची संख्या सारखी नसते. म्हणून तिथे मोलर वस्तुमान एक नसते, फक्त सरासरी सांगता येते.