बर्फावरून कयाक : हे सुरू झालं कुठनं?

दांडेलीला काळी नदीत कयाकिंग करून आलेली खानापूर-बेळगावकडची पोरं आता बर्फाच्या उतारावरून सुसाट घसरणाऱ्या कयाकचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतायत, आणि बघणारा हटकून विचारतोय की नदीतली होडी डोंगरावर नेली कशापायी. धाडस वगैरे आहेच हो, पण माझ्या मते खरं श्रेय प्लॅस्टिकचं.

कयाक मूळची आर्क्टिकमधल्या इन्युइट वगैरे लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं, आणि त्यात बसून शिकार. चोहीकडे बर्फ असला तरी अशी होडी उतारावरून कोण घासत नेणार, कातडं फाटलं तर शिकारच बंद. पुढं युरोपात तिचा खेळ झाला, 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये रेस झाल्या, मग फायबरग्लास आलं, पण ते दगडावर आपटलं की तडकायचं.

1973 ला अमेरिकेत हॉलोफॉर्म कंपनीची रिव्हर चेसर आली, पॉलिथिलीनची. साच्यात प्लॅस्टिकची पावडर घालायची, साचा तापवत गोल गोल फिरवायचा, आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी बनते तसंच. ही होडी आपटली तरी वाकते, फुटत नाही. आणि गंमत बघा, स्कीच्या तळालाही पॉलिथिलीनच असतंय, कारण त्याला पाणी धरत नाही आणि बर्फावर ते छान सरकतंय.

थंडीत नद्या गोठतात नाहीतर आटतात, पाणी येतंय ते बर्फ वितळल्यावर, मग तोवर कयाकवाल्यांनी करायचं काय? ते होड्या घेऊन स्कीच्या उतारावर गेले. अमेरिकेत कोलोराडोतल्या मोनार्क माउंटनला आणि युरोपात एस्टोनियातल्या ओतेपा गावी अशा रेस झाल्यात. स्कीला धारदार कडा असतात, कयाकला नाहीत, त्यामुळं वळायचं म्हणजे अंग एका बाजूला झुकवायचं आणि वल्हं बर्फात रुतवून ओढायचं. आत बर्फ भरू नये म्हणून कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे होडीचं तोंड घट्ट झाकणारा पडदा, लागतोच.

हेल्मेट सगळे घालतात, पण मला काळजी वाटते ती मणक्याची. पाय लांब करून बसलेला माणूस उसळून खाली आदळला की सगळा दणका पाठीत जातो, पाण्यासारखं झेलून घ्यायला खाली काही नसतंय. त्यामुळं मनालीला जाऊन ट्राय करणार म्हणणाऱ्यांनी आधी काळी नदीत वल्हं नीट शिकावं, आणि उतार असा बघावा की खाली लांबवर मोकळं सपाट मैदान असेल, कारण कयाकला ब्रेक नसतोय.