ईस्टरचं हसू: बंदी नेमकी कशावर होती?

पंधराव्या शतकात दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या देवळांमध्ये ईस्टरच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, प्रवचनाला एक वेगळीच प्रथा जोडली गेली. धर्मगुरू बोलता बोलता एखादी गमतीची गोष्ट सांगायचे आणि मांस, अंडी, दूध वर्ज्य करून चाळीस दिवस काढलेली माणसं पोट धरून हसायची. लॅटिनमध्ये तिला ‘रिसुस पास्कालिस’, म्हणजे ईस्टरचं हसू, असं नाव पडलं. ख्रिस्त अधोलोकाच्या, म्हणजे मेलेल्यांच्या जगाच्या, दाराशी येऊन ठेपतो आणि ते बंदच राहावं म्हणून आतून सैतानाची धडपड चालते, ही त्यातली एक ठरलेली गोष्ट. हसणं ओसरलं की धर्मगुरू तिचा बोध सांगत.

सैतानाची अशी फजिती त्याआधीही हजारभर वर्षं सांगितली जात होती. चौथ्या शतकातल्या एका धर्मपित्याने त्याला हावरट मासा केलं. ख्रिस्ताच्या देहाचं आमिष दिसलं म्हणून तो ते गिळायला गेला आणि आत लपलेल्या देवत्वाच्या गळाला लागला. पण त्याच शतकातला दुसरा मोठा प्रवचनकार श्रोत्यांना बजावत होता की शुभवर्तमानात ख्रिस्त रडलेला दिसतो, हसलेला कुठेच नाही. या दोन आवाजांची ओढाताण पुढे कधी थांबली नाही.

त्या ओढाताणीच्या मुळाशी एक ग्रीक शब्द आहे, ‘युट्रापेलिया’. ग्रीक नीतिशास्त्रात तो सद्गुण होता. एकीकडे विदूषकी करणारा, दुसरीकडे कशालाच न हसणारा ठोंब्या, आणि या दोघांच्या मधला जो हजरजबाबी, प्रसन्न माणूस, त्याचा हा गुण. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र हाच शब्द वाईट गोष्टींच्या यादीत येतो. आपल्या मराठी बायबलात तिथे ‘टवाळी’ आहे. भाषांतर चुकीचं नाही. वाक्यात आजूबाजूला अमंगळपणा आणि बाष्कळ बडबड असताना दुसरा शब्द शोभलाही नसता. पण ‘टवाळी’ वाचणाऱ्याला मूळ शब्दाचा चांगला अर्थ कधी कळतच नाही, आणि थट्टा म्हणजे पाप असा समज घट्ट होतो. तेराव्या शतकात एका डॉमिनिकन धर्मपंडिताने हा शब्द पुन्हा सद्गुणांत आणून बसवला. मनालाही शरीरासारखी विश्रांती लागते, ती खेळातून आणि थट्टेतून मिळते, असं त्याने लिहिलं. इतकंच नव्हे, स्वतः कधी हसायचं नाही आणि हसणाऱ्याच्या आनंदावर विरजण घालायचं, यालाही त्याने दोष म्हटलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात ते क्वचितच उघडलं जातं.

ईस्टरच्या हसूवरचा जाहीर वाद १५१८ साली बाझलमध्ये पेटला. तुझी प्रवचनं फार गंभीर असतात, अशी तक्रार ज्याच्याविषयी होती, त्या प्रवचनकाराने उत्तरादाखल एक पत्र छापलं. त्यात त्याने प्रवचनपीठावरचे प्रकारच मोजून दाखवले. कुणी कोकिळेसारखा ओरडतो, कुणी वासराला जन्म देत असल्याचं सोंग करून हंसासारखा फूत्कारतो, कुणी ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने खानावळवाल्याचे पैसे कसे बुडवले ते रंगवून सांगतो. त्याच्या या आक्षेपात तथ्य होतं. यातल्या कशाचाच ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरीशी संबंध नव्हता.

सतराव्या शतकात, १६७० ते १६७६ या काळातल्या पोपने ही प्रथा बंद केली. अठराव्या शतकात बव्हेरियाच्या राज्यकर्त्याला आणि तिथल्या बिशपांना ती पुन्हा बंद करावी लागली. पहिली बंदी लोकांनी किती मनावर घेतली होती, ते यावरून समजतं. कोकिळेचा आवाज थांबवणं योग्यच होतं. दुःख याचं की त्याच्याबरोबर अधोलोकाच्या दाराची गोष्टही बाहेर काढली गेली. मरणाला हसायची मुभा असलेला वर्षातला तो एक दिवस होता.

देवळाबाहेर ते हसू टिकलं, तेही वधस्थानाजवळ. १५३५ साली लंडनमध्ये शिरच्छेदाच्या मचाणावर चढताना एक माजी चॅन्सेलर अधिकाऱ्याला म्हणाला, वर जायला तेवढा हात द्या, खाली यायचं माझं मी बघेन. २ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी एका जेझुइट धर्मगुरूला फाशी दिली. जाण्याआधी तो तुरुंगातल्या धर्मगुरूच्या कानात पुटपुटला, अर्ध्या तासात मला तुमच्यापेक्षा जास्त कळलेलं असेल, असं सांगतात. ज्याने अधोलोकाचं दार मोडलेलं मनोमन पाहिलं आहे, त्यालाच असं बोलता येतं.

बव्हेरियात आता काही धर्मगुरू ईस्टरला पुन्हा विनोद सांगू लागले आहेत. २०१८ साली व्हॅटिकनहून निघालेल्या पावित्र्यावरच्या उपदेशपत्रात आनंद आणि विनोदबुद्धी यांना स्वतंत्र जागा मिळाली. १४ जून २०२४ रोजी तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी पंधरा देशांतल्या शंभरावर विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावलं. लंडनच्या त्या चॅन्सेलरच्या नावावर चालत आलेली विनोदबुद्धीची प्रार्थना आपण चाळीसहून अधिक वर्षं रोज म्हणतो, असं त्यांनी सांगितलं. तिची सुरुवात अशी आहे: प्रभू, मला चांगली पचनशक्ती दे, आणि पचवायलाही काही दे. आपल्याला देवावरही हसता येतं का, या प्रश्नावर ते म्हणाले, येतं. ती निंदा नव्हे. जी आपली प्रेमाची माणसं असतात, त्यांची थट्टा आपण करतोच.