कीचेनचा टॉर्च : बटण-सेलचा की चार्जिंगचा?

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा अंगठ्याएवढा एलईडी टॉर्च घ्यायला गेलं की समोर दोन जाती येतात, आणि वरून बघून त्या ओळखू येत नाहीत. एकात नाण्यासारखे चपटे बटण-सेल असतात, संपले की बदलायचे. दुसऱ्यात लिथियम-आयनची इवलीशी बॅटरी आतच बंद केलेली असते, ती मोबाईलच्या चार्जरवर चार्ज करायची. दुकानदार दोघांनाही ‘मिनी टॉर्च’ म्हणतो, ऑनलाइन खरेदीतही दोन्ही एकाच यादीत येतात, आणि मग गिऱ्हाईक खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, आकडा बघून निवड करतं. या निवडीत सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच आहे, असं माझं ठाम मत आहे. आधी ठरवायला हवं ते हे, की टॉर्च रोज हातात येणार आहे की सहा महिन्यांतून एकदा.

असं का, हे कळण्यासाठी दोघांच्या पोटात डोकवावं लागेल.

पांढऱ्या उजेडाच्या बटण-सेल टॉर्चमध्ये बहुधा ‘सीआर२०१६’ जातीचे दोन सेल एकावर एक ठेवलेले असतात. प्रत्येक ३ व्होल्टचा, साधारण ९० मिलिअँपिअर-तासाचा. दोन्ही मिळून विजेच्या साठ्याचा हिशेब होतो ०.५४ वॅट-तास. चार्जिंगच्या कीचेन टॉर्चमधली बॅटरी पुष्कळदा १३० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास असते, ३.७ व्होल्टची. तिचा हिशेब ०.४८ वॅट-तास. म्हणजे साठा जवळपास सारखाच. तरी एक टॉर्च पाच-सहा लुमेन देतो आणि दुसरा शंभरावर जातो. बटण-सेल म्हणजे झारी आणि लिथियम-आयन म्हणजे तांब्या: पाणी तेवढंच, पण झारीची धार बारीकच राहणार.

बटण-सेलच्या माहितीपत्रकात ही गोष्ट सरळ लिहिलेली असते, फक्त ते कोणी वाचत नाही. ‘सीआर२०३२’ या सगळ्यात ओळखीच्या सेलची क्षमता २२० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास सांगतात, पण ती मोजतात साधारण ०.२ मिलिअँपिअर एवढा सूक्ष्म प्रवाह सतत काढून. हा सेल घड्याळासाठी, वजनकाट्यासाठी, गाडीच्या रिमोटसाठी बनलेला आहे. पांढरा एलईडी त्याच्याकडून २० मिलिअँपिअर मागतो, म्हणजे शंभरपट. एवढी मागणी आली की सेलचा आतला रोधच (विजेला आत होणारा अडथळा) व्होल्टेज खाऊन टाकतो. म्हणून बटण दाबल्यावर पहिल्या मिनिटाला लख्ख वाटणारा उजेड पाच-दहा मिनिटांत मलूल होतो. जरा वेळ सोडून दिला की सेल सावरतो आणि पुन्हा बरा उजेड देतो.

ही उणीव खरी आहे. पण तिच्याच जोडीला या सेलचा मोठा गुण येतो. लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचा हा सेल नुसता पडून राहिला तर वर्षाला साधारण एक टक्का उतरतो. चांगल्या कंपनीचा सेल घालून टॉर्च किल्ल्यांना लावा आणि विसरून जा. सात-आठ वर्षांनी एखाद्या रात्री लिफ्ट अडकली तर तो लागेल. विसरून गेल्यावरही कामाला येणं हाच ज्याचा धर्म, त्याच्याकडून शंभर लुमेनची अपेक्षा करू नये.

आता ती चूक, जी सेल बदलताना हमखास होते. ‘सीआर’पुढच्या आकड्यांत पहिले दोन म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन म्हणजे जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे २०३२ हा २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. आणि २०१६ तेवढाच रुंद, पण १.६ मिलिमीटर जाड. दोन २०१६ एकावर एक ठेवले की बरोब्बर एका २०३२ एवढी जाडी होते. खाचेत दोन्ही चपखल बसतात, पण दोघांत ३ व्होल्टचा फरक पडतो!

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा उजेड देणाऱ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. जपानमध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी बनवून दाखवला, तोवर असा खिशातला पांढरा टॉर्च शक्यच नव्हता; २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आकासाकी-अमानो यांना मिळालं ते निळ्या एलईडीसाठीच. या निळ्या चिपला पेटायला तीन व्होल्टच्या वर लागतात. म्हणून पांढऱ्या टॉर्चमध्ये दोन २०१६ मिळून सहा व्होल्ट देतात, आणि जास्तीचा प्रवाह सेलचा आतला रोधच आवरतो, वेगळा रेझिस्टर पुष्कळदा टाकलेलाच नसतो. लाल एलईडीला मात्र दोनच व्होल्ट पुरतात, त्यामुळे लाल टॉर्चमध्ये एकच २०३२ असतो. १९९० च्या दशकातल्या अमेरिकेच्या ‘फोटॉन मायक्रो-लाइट’ या कीचेन टॉर्चपासून हीच रचना चालत आलेली आहे.

पांढऱ्या टॉर्चमध्ये दुकानदाराने दोनऐवजी एक २०३२ बसवून दिला, तर टॉर्च मिणमिणतो किंवा पेटतच नाही, आणि आपण समजतो की टॉर्च बिघडला. उलट, लाल टॉर्चमध्ये दोन २०१६ घातले तर एलईडी जळू शकतो. जुना सेल काढलात की त्याच्या पाठीवरचा नंबर आणि सेल किती होते ते मोबाईलने टिपून ठेवा, मगच दुकानात जा. रस्त्यावर पन्नास-साठ रुपयांत मिळणाऱ्या टॉर्चमध्ये तर बहुधा ‘सीआर’ नसतातच, घड्याळातल्यासारखे बारके अल्कलाइन सेल तीन-तीन रचलेले असतात. ते लवकर उतरतात आणि पाझरतातही. जत्रेतून मुलासाठी खेळणं म्हणून घ्यायलाही मी ते सुचवणार नाही, कारण पुढे सांगतो.

चार्जिंगवाल्याचं गणित वेगळं आहे. त्याच्यात सर्किट असतं, ते बॅटरी उतरत असतानाही उजेड बराच वेळ एका पातळीवर धरून ठेवू शकतं. मंद, मध्यम, प्रखर अशा पायऱ्या मिळतात. यातली मंद पायरी सगळ्यात मोलाची. एक-दोन लुमेनवर तो तासन् तास चालतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कुलपाचं भोक शोधायला, झोपलेल्या माणसाला न उठवता पाण्याचा तांब्या भरायला तेवढं भरपूर होतं. टॉर्च निवडताना मी आधी हे बघेन की मंद पायरी आहे का, आणि बटण दाबल्यावर पहिली तीच लागते का. डोळ्यांवर एकदम शंभर लुमेन फेकणारा टॉर्च रात्री घरात वापरवत नाही; अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, ती सगळी वाया जातात.

प्रखर पायरीचा आकडा खरा असला तरी अल्पायुषी असतो. दहा-पंधरा ग्रॅमच्या वस्तूला उष्णता टाकायला जागाच नसते, म्हणून मिनिटा-दोन मिनिटांत सर्किट उजेड स्वतःच खाली आणतं. मग खोक्यावर ‘१३० लुमेन, ३० मिनिटं’ असं कसं छापतात? एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या एफएल-१ या २००९ च्या टॉर्चसाठीच्या मानकात चालू राहण्याचा वेळ असा मोजतात: टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी जो उजेड असेल, तो त्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. म्हणजे १३० चे १३ लुमेन झाले तरी घड्याळ चालूच असतं. यात फसवणूक नाही, मानक जाहीर आहे. पण आपण ते ‘अर्धा तास १३० लुमेन’ असं वाचतो. शिवाय उजेड दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट व्हावे लागतात, त्यामुळे १०० आणि १३० मधला फरक डोळ्याला जेमतेम कळतो.

चार्जिंगच्या टॉर्चची खरी दुखणी दुसरीच आहेत. सर्किट जागं राहण्यासाठी थेंब-थेंब वीज खातं, बॅटरी स्वतःही उतरते, आणि वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेला टॉर्च ऐन वेळी मेलेला निघतो. फार खोल उतरलेली बॅटरी पुन्हा चार्जही घेत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करण्याची शिस्त नसेल तर हा प्रकार घेऊ नये. दुसरं, उष्णता. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली लिथियम-आयन बॅटरी झपाट्याने म्हातारी होते, आणि बहुतेक टॉर्चमध्ये ती बदलता येत नाही. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण हेही कच्चं ठिकाण. किल्ल्यांना घासून ते सैल झालं की पावसाळ्यात पाणी सरळ आत. झाकण न लागता भोकच पाण्यापासून सुरक्षित केलेलं असेल तर उत्तम.

आणि एक बारकावा, जो खोक्यावर कधीच नसतो. स्वस्तातल्या काही टॉर्चना टाइप-सीचं भोक असतं, पण आत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर टाकलेले नसतात. त्यांच्यावाचून दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही आणि तो वीज सोडतच नाही. असा टॉर्च जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवर व्यवस्थित चार्ज होतो. ‘चार्जच होत नाही’ म्हणून परत करण्याआधी केबल बदलून बघा.

उजेडाच्या रंगाबद्दल थोडं बोललंच पाहिजे. बटण-सेलचा एलईडी बहुधा निळसर पांढरा असतो. त्याच्या उजेडात लाल, तपकिरी, मातकट रंग एकमेकांत मिसळतात. फ्यूज बदलताना वायरचा रंग ओळखायचा, औषधाची गोळी तपासायची, जखम बघायची, तर रंग नीट दाखवणारा टॉर्च हवा. खोक्यावर ‘सीआरआय ९०’ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं ते हेच, आणि असे एलईडी चार्जिंगवाल्यांतच सापडतात. कोकणात रात्री पायवाटेवर फुरसं मातीच्या रंगात मिसळून बसलेलं असतं. तिथे चालायला मात्र दोन्हीपैकी कोणताच कीचेन टॉर्च पुरेसा नाही, हातभर मोठाच न्या. उजेड किती लांब जातो हे लुमेन सांगत नाही, कँडेला (झोताच्या तीव्रतेचं माप) सांगतो. त्याच एफएल-१ मानकाप्रमाणे १६ कँडेलाचा झोत ८ मीटरपर्यंत धरतात, आणि तिथेही उरतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उजेड.

मग कोणी काय घ्यावं? वॉचमन, नर्स, इलेक्ट्रिशियन, ज्यांच्या इमारतीचा जिना रोज अंधारा असतो ते, रात्री कुत्र्याला फिरवणारे, यांनी चार्जिंगचा घ्यावा. मोबाईलबरोबर आठवड्यातून एकदा तोही चार्जला लावायची सवय त्यांना आपोआप लागते. घरातल्या आजी-आजोबांच्या किल्ल्यांना, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, ट्रेकच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात, प्रथमोपचाराच्या पेटीत बटण-सेलचा ठेवावा. आजींना तीन वेळा दाबून पायऱ्या बदलायला लावू नये. दाबलं की लागला, सोडलं की विझला, एवढंच पुरे. आकाशदर्शनाला जाणाऱ्यांनी लाल एलईडीचा बटण-सेल टॉर्च घ्यावा, त्याने डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही. टीव्हीच्या रिमोटचा छोटा सेल घालायचा तिसराही प्रकार मिळतो. गावोगावच्या किराणा दुकानात त्याचा सेल मिळतो हा त्याचा मोठा फायदा, पण अल्कलाइन सेल आत विसरला तर पाझरून टॉर्च खाऊन टाकतो.

घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल, तर बटण-सेलच्या टॉर्चचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. नखाने उघडणारं अजिबात नको. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकण्याएवढा असतो. तिथल्या ओलाव्यात त्याच्यातून प्रवाह वाहतो, दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, बाहेर पडेल म्हणून वाट पाहू नका, लगेच एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि सेलचं नाव सांगा. उतरलेल्या सेलमध्येही एवढं करण्याइतकी वीज उरलेली असते. म्हणून बदललेला जुना सेल टेबलावर ठेवू नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, डबीत उंचावर ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.