डोळे मिटल्यावर पडणाऱ्या विटा

नव्वदच्या दशकात ज्यांच्या हातात ब्रिक गेम हा छोटा व्हिडिओ गेम होता, त्यांना हे आठवेल: दिवा मालवून अंथरुणावर पडलं, की मिटल्या डोळ्यांपुढे विटा वरून खाली येतच राहायच्या. त्या खेळण्यातला मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस: वरून पडणाऱ्या विटा फिरवून नीट बसवायच्या. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी तो तयार केला.

मेंदूच्या अभ्यासकांनी तो आधी वेगळ्याच कारणानं हाती घेतला. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड हायर यांनी १९९२ मध्ये पेट स्कॅनवरून, म्हणजे मेंदू किती ऊर्जा वापरतो हे दाखवणाऱ्या तपासणीवरून, दाखवलं, की काही आठवड्यांच्या सरावानं गुण वाढतात, पण मेंदू ग्लुकोज कमी जाळतो. हात बसला की डोकं कमी शिणतं.

विटांचा माग काढला तो हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी. दिवसभर डोंगर चढून आल्यावर झोप लागता लागता आपण पुन्हा खडकांवरच आहोत, असं त्यांना जाणवलं होतं. प्रयोगशाळेत डोंगर आणता येत नाही, म्हणून टेट्रिस. २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या या प्रयोगात २७ जणांना ३ दिवसांत ७ तास खेळवलं. १७ जणांना पेंगताना विटा दिसल्या. एकूण २७ पैकी ५ जणांची स्मृती गेलेली होती. मेंदूत प्रसंगांची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस निकामी झालेला, त्यामुळे खेळ रोज नव्यानं शिकवावा लागे. तरी त्या ५ पैकी तिघांना झोपेच्या उंबरठ्यावर ते आकार दिसले. ते आले कुठून, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मला या साऱ्या संशोधनातलं हे सगळ्यात हलवून टाकणारं वाटतं: खेळ विसरला, खेळल्याचंही विसरलं, पण विटा राहिल्या.

मग ज्या चित्रांपासून माणसाला सुटका हवी असते, त्यांचं काय? मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स यांच्या गटानं हा प्रश्न घेतला. भीषण प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहायला मनाची जी जागा लागते, तीच विटा फिरवून बसवायलाही लागते, असा त्यांचा तर्क. २००९ च्या प्रयोगात चित्रफितीत अपघात-मृत्यूची दृश्यं पाहिल्यावर अर्ध्या तासानं १० मिनिटं टेट्रिस खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा छळली. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात, रस्ता अपघातातून नुकत्याच आलेल्या ७१ जणांवर हे करून पाहिलं. अपघात होऊन ६ तास उलटायच्या आत, तपासणीची वाट पाहत असतानाच, त्यातल्या निम्म्या जणांना तो प्रसंग थोडक्यात आठवायला सांगून हातात टेट्रिस दिला. आठवडाभर प्रत्येकानं वहीत नोंद ठेवली: आज ते दृश्य किती वेळा आलं. खेळलेल्यांच्या वह्यांत आकडा ६२ टक्क्यांनी कमी होता.