वाड्यातला एकोपा आपोआप होता का?

‘वाड्यात गरीब-श्रीमंत एकत्र राहत, म्हणून माणसे जोडलेली होती; फ्लॅट आले आणि एकोपा संपला,’ अशा आशयाचा मजकूर बडोद्यातल्या मराठी घरांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण त्यातला पहिला भाग, म्हणजे निरनिराळ्या मिळकतीची बिऱ्हाडे एका छपराखाली नांदत होती हे, खरेच आहे.

मात्र जवळ राहणे म्हणजे जोडले जाणे नव्हे. दांडिया बाजारातला जुना वाडा आठवून पाहावा: वरच्या मजल्यावर मालक, मागच्या चौकात भाडेकरू आणि पहाटे नळाला पाणी येताच सगळ्यांच्या घागरी एका रांगेत. बोलणे होई ते त्या रांगेत. पंगतीत आणि स्वयंपाकघरात जातीची व दर्जाची रेघ बहुधा कायम असे. बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि नियमांचे पाठबळ असेल, तर सहवासाने दुरावा कमी होतो, असे १९५४ मध्ये मांडलेला संपर्क-सिद्धांत सांगतो. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१५ अभ्यासांच्या आढाव्यात या अटी अपुऱ्या असतानाही संपर्काचा उपयोग दिसला; पण त्यासाठी मुळात भेटीगाठी व्हाव्या लागतात, नुसता शेजारचा पत्ता पुरत नाही.

पडताळणी घरीच करता येते. वडीलधाऱ्यांना ‘एकोपा होता का?’ असे न विचारता ‘मागच्या बिऱ्हाडात तुम्ही कधी जेवलात का?’ असे विचारावे. (उत्तराआधीची शांतताही बोलकी असते.) मग आपल्या सोसायटीच्या गणपतीत वर्गणी कोण देतो, मांडव कोण घालतो आणि बैठकीत खुर्ची कोणाला मिळते, हे पाहावे.